जोडणीच्या कपाटाची पाठ : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

खोक्यातून सुट्या फळ्या येतात, सोबत स्क्रूंची पुडी आणि चित्रांचे पत्रक येते आणि दोन-तीन तासांत कपाट उभे राहते. अशा जोडणीच्या फर्निचरविषयी या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत तक्रार एकाच भागाची आहे, ती म्हणजे मागच्या पातळ फळीची. हे सदर सहसा घरातल्या निरनिराळ्या दुरुस्त्यांना वाटून दिले जाते. या वेळी मात्र सगळी जागा त्या एका फळीसाठी ठेवली आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. सुमारे सहा फूट उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद असे पुस्तकांचे कपाट मी दीड वर्षापूर्वी घरीच जोडले. आता नुसता हात लागला तरी ते डावी-उजवीकडे डुलते. मागची फळी दोन तुकड्यांत आहे. मधल्या प्लास्टिकच्या पट्टीतून त्यांतला एक तुकडा निसटला आहे आणि खालच्या दोन कप्प्यांमागे फळीला फुगा आला आहे. ओळखीच्या सुतारांनी मागे १२ मिलिमीटर जाडीचे प्लाय ठोकून देतो असे सांगितले आहे. एवढ्या जाड प्लायची खरोखर गरज आहे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : १२ मिलिमीटरची गरज नाही. ६ मिलिमीटरचे प्लाय पुरेसे आहे, आणि फळी ओलीने फुगलेली नसेल तर कदाचित आहे तीच नीट बसवूनही काम भागेल. मात्र काहीही ठोकण्यापूर्वी कपाट का डुलते ते समजून घ्यावे, कारण कललेल्या कपाटाला जाड पाठ ठोकली तर ते कायमचे कललेलेच राहील.

काडेपेटीतला आतला खण काढून घ्या आणि बाहेरचे कवच कोपऱ्यावर दाबून पाहा. ते लगेच तिरके होते, कारण चार बाजूंची चौकट केवळ कोपऱ्यांच्या जोरावर काटकोनात राहू शकत नाही. आता खण परत आत सरकवा आणि तेवढाच दाब द्या. कवच हलत नाही. कपाटाच्या दोन बाजू, माथा आणि तळ म्हणजे ते रिकामे कवच होय. त्याला चौकोनात धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मागची फळी. तिला आपण झाकण समजतो, भिंत दिसू नये म्हणून लावलेली वस्तू समजतो, आणि म्हणून खोक्यात सोबत आलेल्या चुकांपैकी, म्हणजे बारीक खिळ्यांपैकी, निम्म्याच ठोकून उरलेल्या पुडीत ठेवून देतो. जुने सुतार सागाच्या कपाटात फळ्यांना कुसू आणि खोबण करून सांधे घट्ट बसवत. त्या कपाटांत सांध्यांनाही काही भार पेलता येत असे. भुशाच्या म्हणजे पार्टिकल बोर्डाच्या फळीत मिनिफिक्सचे (एका फळीतल्या धातूच्या दांड्याला दुसऱ्या फळीतून ओढून धरणारे, पेचकसाने फिरवायचे) चाक आणि लाकडी खुंटी एवढाच सांधा असतो. तो फळ्यांना एकमेकींजवळ ओढून धरतो, पण काटकोन राखण्याचे काम त्याला झेपत नाही. कपाट डुलू लागले की प्रत्येक हेलकाव्यासरशी त्या छिद्रांभोवतीचा भुसा थोडा थोडा चुरडतो, सांधा सैल होतो, आणि सैल झाला म्हणून कपाट अधिक डुलते.

फळीला फुगा का आला तेही यातच दडलेले आहे. कपाट उजवीकडे कलते तेव्हा मागच्या फळीचा एक कर्ण ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. ताण पातळ फळीही सहज सोसते; दाब मात्र तिला सोसत नाही आणि ती पोटाकडून बाहेर येते. पुस्तके मागे सरकून तिला आणखी रेटतात, इतकेच. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एकाच जातीची फळी ३ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरची घेतली तर ती आठपट ताठ होते. १२ मिलिमीटरची घेतली तर हिशेबाने चौसष्टपट होईल, हे खरे. पण तोवर प्रश्न फळीचा उरलेला नसतो. फळी कितीही जाड असली तरी ती बाजूंना ज्या चुकांनी किंवा स्क्रूंनी धरलेली असते तेवढ्यापुरतेच तिचे बळ. म्हणून माझा आग्रह असा की, खर्च आणि मेहनत जाडीवर न करता कडांवर करावी. तुमच्या कपाटाला १२ मिलिमीटरचे प्लाय लावले तर त्याचे वजन साधारण दहा किलोंनी वाढेल, ६ मिलिमीटरचे लावले तर पाच किलोंनी, आणि घरात जाणवणारा फरक जवळजवळ शून्य असेल.

प्रथम कपाट पूर्ण रिकामे करून जमिनीवर गोधडी अंथरावी आणि दोघांनी मिळून ते त्यावर पालथे घालावे. मागची फळी काढून घ्यावी. मिनिफिक्सची सगळी चाके पेचकसाने आवळून घ्यावीत. जे चाक फिरतच राहते, त्याच्या छिद्राची दुरुस्ती पुढे डोंबिवलीच्या पत्राच्या उत्तरात दिली आहे. त्यानंतर मोजपट्टीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. १८०० बाय ८०० मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण १९७० मिलिमीटर यायला हवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. एवढ्या मापाच्या कपाटात कर्णांमध्ये ८ मिलिमीटरचा फरक पडला तर माथा सुमारे एक सेंटिमीटर बाजूला गेला आहे असे समजावे. जो कर्ण मोठा आहे त्याच्या दोन टोकांना एकमेकांकडे हळूहळू रेटले की चौकट सरळ होते. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून पाहायला हरकत नाही, पण गुण्याचा पाय एक फूट लांब आणि कपाट सहा फूट उंच असल्यामुळे कोपऱ्यात न दिसणारा फरक वरच्या टोकाला बराच मोठा होतो. कर्ण मात्र फसवत नाहीत.

नवे प्लाय घेणार असाल तर ते दुकानातच यंत्रावर कापून घ्यावे. आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर असते. त्यातून तुमचा तुकडा निघून वर उरलेले दुसऱ्या कामाला येईल. कपाटाच्या बाहेरच्या मापापेक्षा तुकडा चारही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर लहान ठेवला तर कड बाजूने दिसत नाही. या तुकड्याचेही कर्ण दुकानातच मोजून घ्या, कारण तोच आता तुमचा सर्वांत मोठा गुण्या होणार आहे. प्लायची वरची कड माथ्याच्या फळीशी जुळवून तिथे आधी स्क्रू लावावेत, मग चौकट हलवून बाजूची फळी प्लायच्या कडेशी समांतर आणावी, तेथे एक स्क्रू खाली लावून पुन्हा कर्ण मोजावेत, आणि ते जुळले तरच बाकीचे लावावेत. हा क्रम उलटा केला आणि घाईने चारही कोपरे आधी ठोकले, तर पुढे काहीही सरळ करता येत नाही.

स्क्रू ३.५ बाय ३० मिलिमीटरचे पुरतात. १६ मिलिमीटरच्या बाजूच्या फळीच्या कडेला ते बरोबर मध्यावर जायला हवेत, म्हणून बाहेरच्या कडेपासून आठ मिलिमीटरवर पेन्सिलने रेघ ओढून घ्यावी. प्लाय दोन मिलिमीटर आत असल्याने ती रेघ प्लायच्या कडेपासून सहा मिलिमीटरवर येईल. अडीच मिलिमीटरच्या बिटाने आधी छिद्र पाडल्याशिवाय भुशाच्या फळीत स्क्रू घालूच नये, ती कडेला उकलते. दोन स्क्रूंमधले अंतर सुमारे १५ सेंटिमीटर आणि कोपऱ्यापासून पहिला स्क्रू किमान पाच सेंटिमीटरवर असावा, म्हणजे तो आतल्या खुंटीवर जाऊन आदळणार नाही. हे सगळे झाल्यावर जे कप्पे पक्के बसवलेले आहेत, ज्यांची जागा बदलता येत नाही, त्यांच्या मागच्या कडेतही तीन-तीन स्क्रू लावावेत. फुगा येतो तो नेमका या मधल्या भागात. तिथे फळी धरली गेली की तिचे मोठे पोट दोन-तीन लहान भागांत वाटले जाते आणि प्रत्येक लहान भाग पुष्कळ ताठ असतो. पत्रकात या कप्प्यांमागे चुका दाखवलेल्या असतात, पण कप्प्याचा मध्य मागून दिसत नसल्यामुळे चूक वर किंवा खाली जाऊन आत डोकावते. म्हणून अनेक जण त्या सोडून देतात. पुढून कप्प्याची उंची मोजून मागे रेघ आखली तर ही अडचण राहत नाही.

जुनीच फळी वापरायची असेल तर हीच पद्धत चुकांनी करावी, मात्र अंतर दहा सेंटिमीटर ठेवावे आणि चुका आळीपाळीने किंचित डावी-उजवीकडे तिरप्या ठोकाव्यात, म्हणजे त्या सहज उपटून निघत नाहीत. तीन मिलिमीटरच्या फळीला निमुळत्या डोक्याचा स्क्रू लावू नये, तो आवळताना डोके आरपार जाते. चपट्या डोक्याचा स्क्रू किंवा वॉशर लावावा. निसटलेल्या मधल्या जोडासाठी प्लास्टिकच्या पट्टीवर विसंबू नये. त्या जोडावर ५० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड अशी लाकडाची किंवा प्लायची उभी रिप ठेवून ती माथा, तळ आणि मधला पक्का कप्पा या तिन्ही ठिकाणी स्क्रूने धरावी आणि फळीचे दोन्ही तुकडे तिला जोडावेत. तुमच्या पत्रावरून माझा कल या मार्गाकडे आहे, कारण त्यात फारसा खर्च नाही आणि फळी फुगली एवढेच आपण म्हटले आहे, भिजली असे म्हटलेले नाही.

गोंदाविषयी आपण विचारले नाही, पण सुतार तो सुचवतील. पांढरा गोंद उघड्या भुशाच्या कडेला उत्तम धरतो. पांढऱ्या किंवा लाकडी रंगाच्या गुळगुळीत थराला तो धरत नाही. शिवाय गोंदाने चिकटवलेली पाठ पुन्हा काढता येत नाही. कपाट त्याच घरात राहणार असेल तरच तो वापरावा.

शेवटी कपाट उभे केल्यावर पाणसळ (पातळी तपासायचे बुडबुड्याचे साधन) ठेवून पाहावी. फरशी एका कोपऱ्यात खाली असेल तर कपाट तिथे टेकण्यासाठी पिळवटते आणि चौकोनात बसवलेली पाठ पुन्हा रोज ताण सोसू लागते. खालच्या कोपऱ्याखाली प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर सारून चारही पाय टेकवावेत. माझ्या पाहण्यात अशी कपाटे आली आहेत की जी केवळ पाचर लावल्यावर डुलायची थांबली.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्याकडे समुद्र दोन किलोमीटरवर आहे. कपड्यांच्या जोडणीच्या कपाटाची मागची फळी दर पावसाळ्यात फुगते, आतल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि भिंतीकडच्या बाजूला काळी बुरशी धरते. स्क्रूसुद्धा गंजले आहेत. फळी मजबूत करण्याचा विचार आहे. कोणत्या वस्तू वापराव्यात?
– एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : आपल्या फळीचा रोग अशक्तपणाचा नसून ओलाव्याचा आहे, त्यामुळे तिच्यावर आणखी एक फळी चढवली तर मधल्या पोकळीत ओल अडकून त्रास वाढेल. आहे ती फळी काढून टाकणेच इष्ट.

ही फळी बहुधा हार्डबोर्डाची असते. जुने सुतार तिला आजही मेसोनाईट म्हणतात. अमेरिकेत विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये लाकडाच्या चिपांना वाफेच्या दाबाने फोडून त्यांच्या तंतूंची फळी बनवण्याची रीत काढली, तिचे हे नाव. लाकडाचे तंतू दाबून केलेली ही वस्तू ओल मिळाली की पुन्हा पसरू पाहते. त्यातून कपाटाच्या फळीचा एकच चेहरा, आतला, रंगीत थराने झाकलेला असतो आणि भिंतीकडचा उघडा असतो. उघडा चेहरा ओल पितो आणि पसरतो, झाकलेला पसरत नाही, म्हणून फळी भिंतीकडे फुगते. कडा चुकांनी धरलेल्या असल्यामुळे तिला सरकायलाही जागा नसते.

नवी पाठ सहा मिलिमीटरच्या प्लायची करावी आणि प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे याची खात्री करावी. साध्या कमर्शियल प्लायवर आयएस ३०३ असतो. ते कोरड्या भागातल्या घरांसाठी ठीक आहे, तुमच्या किनाऱ्यावर नाही. दुकानात तोंडी ‘वॉटरप्रूफ’ असे सांगितले जाते, त्यावर न जाता शिक्का पाहावा. कापून आणल्यावर दोन्ही चेहऱ्यांना आणि विशेषतः चारही कडांना प्रायमर आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. दोन्ही चेहऱ्यांना सारखेच, हे पुन्हा सांगतो, कारण भिंतीकडची बाजू दिसत नाही म्हणून ती सोडून देण्याचा मोह होतो आणि मग वर सांगितलेलीच गोष्ट घडते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. हे काम मिरगाच्या आधी, हवा कोरडी असताना करावे. पावसात लावलेला रंग ओल आतच कोंडून ठेवतो.

कपाट भिंतीला टेकवू नये. दीड-दोन इंचांचे अंतर राखण्यासाठी पाठीच्या वरच्या भागाला दोन उभ्या रिपा मारून त्या भिंतीला टेकू द्याव्यात, म्हणजे कुणी ढकलले तरी अंतर कायम राहते. बाहेरच्या भिंतीपेक्षा दोन खोल्यांमधली भिंत केव्हाही बरी. हवा खेळण्यासाठी पाठीत वरच्या आणि खालच्या बाजूला दोन-दोन इंचांची दोन-दोन छिद्रे पाडून त्यांना आतून बारीक जाळी लावता येईल. ही छिद्रे कडेपासून आणि कोपऱ्यांपासून किमान एक वीत दूर असली तर पाठीच्या बळात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. भिंतीत पाणी झिरपत असेल तर मात्र यातले काहीही पुरेसे ठरणार नाही, आधी भिंत.

प्रश्न : सा. न. दर दोन-तीन वर्षांनी भाड्याचे घर बदलावे लागते. दोन वेळा कपाट सोडवले आणि जोडले. आता मागच्या फळीच्या कडा चुका उपटताना फाटल्या आहेत आणि बाजूच्या फळीतली छिद्रे इतकी मोठी झाली आहेत की चूक उभीसुद्धा राहत नाही. पुन्हा हलवायचे आहे. काही उपाय आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आहे. जुन्या छिद्रांच्या मागे लागण्यापेक्षा दोन छिद्रांच्या मधोमध नवे छिद्र घ्यावे. पाठीच्या कडेला जागेची टंचाई नसते. फाटलेल्या कडेवर इंचभर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड प्लायची पट्टी ठेवून पट्टी आणि फळी यांच्यातून एकच स्क्रू बाजूच्या फळीत न्यावा. दाब सगळ्या कडेवर सारखा पसरतो आणि फाटलेला भाग तिच्याखाली झाकला जातो. चारही बाजूंना अशी पट्टी लावली तर जुनी फळी नव्यासारखी काम देते. यापुढे चुका वापरूच नयेत. स्क्रू सोडवताना काहीही फाटत नाही, आणि पुढच्या घरी ते त्याच छिद्रात हाताच्या पेचकसाने बसवावेत, यंत्राने नाही.

जिथे छिद्र त्याच जागी हवे आहे, उदाहरणार्थ मिनिफिक्सच्या दांड्याचे, तिथे छिद्रातला सुटा भुसा झटकून पातळ केलेला पांढरा गोंद आत सोडावा आणि तो मुरला की गोंदात बुडवलेली बांबूची किंवा लाकडाची काडी घट्ट बसेल अशी ठोकावी. एक दिवस वाळू द्यावी, कड करवतीने सपाट करावी आणि मग योग्य मापाचे नवे छिद्र पाडावे. काडेपेटीच्या काड्या कोंबून तात्पुरते भागते, परंतु मिनिफिक्सचा ओढ त्यांना फार दिवस पेलत नाही.

हलवताना कपाट अख्खे न्यायचे असेल तर ते फरशीवरून ओढू नये. ओढताना खालचा भाग अडतो, वरचा पुढे जातो, आणि चौकट तिरकी होऊन पाठीच्या चुका एकामागून एक निघतात. दोघांनी तळाखाली हात घालून उचलावे. आणि सोडवून न्यायचे असेल तर पाठ सर्वांत शेवटी काढावी, नव्या घरी मात्र ती लवकरात लवकर लावावी. पाठीविना उभे केलेले कपाट एक रात्रही ठेवू नये.

प्रश्न : स. न. वि. वि. शेजाऱ्यांकडून खणांचे एक कपाट घेतले आहे. मागची फळी बाहेर फुगली आहे, मधले खण अडकतात आणि एक तर रेल्सवरून उतरतो. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. कपाट उलटू नये म्हणून मागच्या फळीतूनच स्क्रू घालून ते भिंतीला बांधावे असा विचार आहे. फळी जाड केली तर चालेल ना?
– एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : कृपया तसे करू नका. कपाट पुढे झुकते तेव्हा स्क्रूवर येणारा ओढ फळीला मागे खेचतो, आणि फळी बाजूंना धरणाऱ्या चुकाही नेमक्या त्याच दिशेने उपटल्या जातात. फळी भिंतीला राहील आणि कपाट पुढे येईल. जाडी वाढवून हे बदलत नाही.

आपले दोन प्रश्न वेगळे आहेत. खण उतरतो तो बाजूच्या दोन उंच फळ्या मध्यावर एकमेकींपासून दूर गेल्यामुळे. माथा आणि तळ त्यांना टोकांवर धरतात, मध्ये धरणारी फक्त पाठ असते, आणि तीच सुटली की रेल्समधले अंतर वाढते. पाठ काढून बाजूच्या फळ्या आवळपट्ट्याने जवळ आणाव्यात, खण सुरळीत सरकतो असे पाहावे, आणि मगच पाठ सर्व कडांना स्क्रूने लावावी. मध्यावर तीन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी आडवी लाकडी पट्टी बाजूपासून बाजूपर्यंत लावून तिची टोके दोन्ही फळ्यांच्या मागच्या कडांत स्क्रूने धरली, तर रुंदी पुन्हा बदलणार नाही.

भिंतीला बांधण्यासाठी अशीच दुसरी पट्टी माथ्यालगत लावावी आणि ती माथा व बाजू या जाड फळ्यांना जोडावी. भिंतीकडे जाणारा पट्टा या पट्टीला. तिकडच्या भिंती बहुतेक लाकडी सांगाड्यावर जिप्समची फळी लावलेल्या असतात आणि सांगाड्याचे उभे दांडे सहसा १६ इंचांच्या अंतराने असतात. स्क्रू त्या दांड्यातच जायला हवा, नुसत्या जिप्समच्या फळीत गेलेल्या स्क्रूचा भरवसा नाही. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात झालेल्या ‘स्टर्डी’ कायद्यानंतर, १ सप्टेंबर २०२३ पासून बनणाऱ्या २७ इंच किंवा त्याहून उंच सुट्या कपड्यांच्या कपाटांना स्थैर्याची कसोटी सक्तीची झाली आहे, आणि तिच्यात ६० पौंडांपर्यंतच्या मुलाचे वजन, खाली गालिचा, एकाहून अधिक उघडे खण अशा परिस्थितीचा विचार केलेला आहे. आपले कपाट त्याआधीचे असण्याची शक्यता धरूनच चालावे. भिंतीला बांधले जाईपर्यंत ते मुलाच्या खोलीत ठेवू नये, आणि जड वस्तू सर्वांत खालच्या खणात ठेवाव्यात.

प्रश्न : स्वयंपाकघरात भिंतीवर टांगायचे जोडणीचे कपाट आणले आहे. पाठ तीन मिलिमीटरची आहे. त्यात डबे भरायचे आहेत. पाठीतून स्क्रू घालून टांगले तर भार पेलेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. भार पाठीने नव्हे, पाठीमागच्या पट्ट्यांनी घ्यायचा असतो. वर आणि खाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या चार इंच रुंद आडव्या पट्ट्या बाजूच्या फळ्यांमध्ये बसवून त्यांना बाजूंतून स्क्रू मारावेत आणि भिंतीचे स्क्रू वरच्या पट्टीतून न्यावेत. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात. तिथे नेहमीची प्लास्टिकची गिट्टी सैल पडते, त्या ठोकळ्यांसाठी मिळणारे लांब अँकरच घ्यावेत. विटेच्या भिंतीत मात्र सांध्यातला चुना किंवा सिमेंट टाळून स्क्रू विटेत जाईल असे पाहावे.

प्रश्न : स. न. वि. वि. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी उघडे कपाट ठेवायचे आहे, म्हणून मागची फळी लावलीच नाही. कपाट डुलते. फळी न लावता ते ताठ करता येईल का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : करता येईल, पण पाठीचे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागेल. किराणा दुकानातली किंवा गोदामातली लोखंडी मांडणी आठवून पाहा. तिला पाठ नसते, परंतु प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा बसवलेला असतो आणि उंच मांडणीच्या मागे पट्ट्यांची फुली मारलेली असते. आपल्या कपाटातही माथ्याखाली आणि तळावर, दोन्हीकडे १० सेंटिमीटर उंचीची १८ मिलिमीटरची आडवी फळी बाजूंमध्ये घट्ट बसवावी. ती जितकी उंच तितका कोपरा ताठ. एवढ्याने उंच कपाट पुरेसे स्थिर झाले नाही तर सर्वांत खालच्या एकाच कप्प्याला पूर्ण पाठ लावावी. तो कप्पा सोफ्याच्या किंवा टेबलाच्या आड जातो, त्यामुळे उघडेपणा बिघडत नाही. वरच्या कप्प्यांत मग दोन टोकांना दोन लहान त्रिकोणी ठोकळे पुरतात. लहान एल-पट्ट्यांवर फार विसंबू नये, त्यांचे स्क्रू कोपऱ्याच्या फार जवळ असल्यामुळे भुशाच्या फळीतून लवकर सुटतात. आणि असे कपाट खोलीच्या मध्यावर असल्यामुळे त्याला भिंतीचा आधार नाही. एका टोकाची बाजू तरी भिंतीला किंवा खांबाला टेकवून तिथे दोन स्क्रूंनी धरावी.